पंधरा ऑगस्टची सातपुड्याची चढण

नंदुरबारला १५ ऑगस्टचा झेंडा उतरला की पंचविसाव्या दिवशी ९ सप्टेंबर येतो. १९४२ साली याच दिवशी शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा असे पाच जण गेले. शिरीषकुमारला सोळावं वर्ष लागलेलं होतं आणि हातात तिरंगा होता. माणिक चौकातल्या स्मारकापाशी आजही गर्दी होते. गावाचा खरा स्वातंत्र्यदिन कोणता म्हणून विचारलं, तर हीच तारीख मी सांगेन.

बहुतेक देशांना स्वातंत्र्यदिन असतो, आणि तो बहुधा परकी सत्ता गेल्याचा असतो. जपानच्या तावडीतून सुटलेला कोरियाही १५ ऑगस्टच पाळतो. ज्याच्यापासून इतके देश सुटले, त्या ब्रिटनला मात्र स्वातंत्र्यदिन नाही.

आपल्याकडे गावाकडची तारीख निराळी असली, तरी पुस्तकात एकच छापली गेली. तळोद्याजवळच्या रावलापाणीला २ मार्च १९४३ रोजी संत गुलाम महाराजांच्या आप पंथाचे आदिवासी जमले होते. दारू सोडा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढं शिकवणारी ही माणसं. त्यांच्यावरही गोळीबार झाला. शिरीषकुमारचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. रावलापाणीचं तळोदा-शहाद्यापलीकडे फारसं गेलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

मग स्वातंत्र्य आलं. पण ते सातपुडा चढायला किती वेळ लागला! १९९३ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर धरणाचं पाणी सातपुड्यातल्या मणिबेली गावात शिरलं. पुढे नर्मदाकाठच्या जीवनशाळांत मुलं झेंड्याला सलामी देत वाढली, आणि त्यांच्या आईबापांची शेतं पाण्याखाली जात राहिली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, तरी डोंगरातली कित्येक गावं रस्त्याविना तशीच राहिली.

उदाड्या त्यातलंच एक. २०२५ सालीही तिथे ना वीज होती, ना गाडीरस्ता. त्याच वर्षी १५ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, तिथे पहिल्यांदा तिरंगा फडकला. झेंडा गाठीत अडकू नये म्हणून तिथल्या तरुण शिक्षकाने व्हिडिओ पाहून तो कसा बांधायचा, हे आधी शिकून घेतलं होतं.