आधी रेघ

अंबाजोगाईतल्या एका घराच्या ओसरीवर संध्याकाळी मोडीचा वर्ग भरतो, एवढं ऐकून गेलो होतो. २०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडीत लिहिलेल्या जुन्या दप्तरांपुढं माणसं अडून उभी राहिली. भाषा मराठी, गाव आपलं, कागदावर नाव बहुधा आपल्याच पणज्याचं, आणि तरी एक अक्षर लागेना. ही अडचण मला फार लागली होती.

गुरुजींनी पहिल्या दिवशी अक्षर शिकवलंच नाही. कोऱ्या कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत रेघ ओढली आणि म्हणाले, "आधी रेघ. अक्षरं मग तिला लटकतात." देवनागरीत आपण शब्द पुरा करून वर रेघ देतो. मोडीत ती आधीच तयार असते. हात रेघेपासून खाली उतरतो, वळण घेतो, पुन्हा रेघेकडं येतो आणि होईल तितकं बोरू न उचलता पुढच्या अक्षरात शिरतो. शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नाही. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मुळाक्षरं, बाराखडी, सराव हे सगळं झपाट्यानं झालं.

"लिव्हायला सहा दिवस, वाचायला सहा महिने," गुरुजी म्हणाले.

सहा महिने का, ते तिसऱ्या दिवशी कळलं. एकानं गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स आणली होती. लिहिणारा घाईत होता. 'बिन' म्हणजे 'चा मुलगा' हे कळलं, पण त्यापुढचं नाव मला दोन तऱ्हांनी लागत होतं. चष्मा पुसून पाहिलं, कागद उजेडाला धरला. गुरुजींनी कागद जवळ घेतला नाही. तर्जनी उचलली आणि पानापासून बोटभर उंचीवर शाईच्या वाटेनं फिरवू लागले. खाली, डावीकडं वळण, वर, रेघेला टेकून पुढं. मध्येच थांबले. "हितं हात फिरलाच नसता. उलटं जावं लागलं असतं." आणि दोनातलं एक नाव गळून पडलं.

मग त्यांनी बोरूनं लिहिलेला एक मूळ कागद दाखवला. तिरप्या कापलेल्या टोकामुळं रेषा एका दिशेला जाड, दुसरीला बारीक होते. हात जिथं थबकला तिथं शाई साचून ठिपका गडद होतो. लिहिणारा जाऊन शंभर वर्षं झाली, तरी त्याचा हात कुठून कुठं गेला ते कागदावर शाबूत आहे. झेरॉक्समध्ये यातलं बरंच मरतं. म्हणून मूळ कागद पाहायला मिळावा हा गुरुजींचा आग्रह मला रास्तच वाटतो.

वर्गात मोबाइलवर जपानी शिकणारी एक मुलगी होती. ती म्हणाली, "सर, कांजीतही असंच असतं." कांजी म्हणजे चिनीतून जपानीत आलेली चिन्हं. तिनं वहीत शेताचं चिन्ह काढलं: चौकोन आणि आत फुली नव्हे, अधिकचं चिन्ह. पाच फटकारे. डावी उभी, मग वरची आणि उजवी एकाच ओढीत, आतली उभी, आतली आडवी, आणि तळ सगळ्यात शेवटी. आत सगळं भरलं की दार लावायचं. चिनी लोक आतली आडवी आधी काढतात, हेही तिला ठाऊक होतं. जपानच्या शिक्षण मंत्रालयानं शाळांसाठी फटकाऱ्यांच्या क्रमाची पुस्तिका १९५८ साली काढली, पण क्रमाचा खरा कस लागतो तो जलद लिपीत. तिथं फटकारे एकमेकांत मिसळतात आणि चौकोनाचा चौकोन उरत नाही. उरते ती हाताची वाट. क्रम ठाऊक असणाऱ्यालाच ती ओळखू येते.

शाळेत क्रम म्हणजे वळणदार अक्षराची शिस्त, असं आपल्याला सांगितलं गेलं. मला आता ते अपुरं वाटतं. क्रम हा लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्यासाठी ठेवलेला माग आहे. मोडी नुसत्या तक्त्यावरून पाठ करणारे चित्रं पाठ करतात. घाईतला कागद समोर आला की अडतात. मोडी-वाचक हवेत असं म्हणताना दोन-चार दिवसांच्या शिबिरावर भागवू पाहणाऱ्यांना गुरुजींचे सहा महिने ऐकवावेसे वाटतात.

निघताना झेरॉक्सवाला अजून बसून होता. पान मांडीवर, पेन खिशात. बोटभर उंचीवरून त्याची तर्जनी पणज्याच्या नावावरून फिरत होती. शेवटच्या वळणाला चुकली की तो परत रेघेपाशी येई.