ग्राउंडवरची हजेरी

पहाटे ४.३०
मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, तरी गावात मी ‘मेजर’च. आमच्या सातारा जिल्ह्यात घरी आलेला प्रत्येक फौजी मेजर असतो. उद्या खरा मेजर गावात राहायला आला तर त्याला काय हाक मारायची, हे अजून ठरलेलं नाही. चहा होईतो शिट्टी, स्टॉपवॉच आणि हजेरीची वही पिशवीत टाकतो. ग्राउंडच्या वाटेवर दोन दारं वाजवायची असतात. एकाचा बाप नवी मुंबईत माथाडी कामगार, महिन्याकाठी एकदा येतो. दुसऱ्याचा बाप घरातच असतो, पण असून नसल्यासारखा. दोन्ही पोरं रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर. शिव्या देतच उठतात, पण उठतात.

५.१५
जिल्हा परिषद शाळेचं मैदान. आधी हजेरी. निम्मी पोरं भरतीच्या ओढीने येतात, निम्मी पोलीस पाटलांनी पाठवलेली: कुणी मारामारीत सापडलेलं, कुणी मावा-गुटख्याच्या पायात शाळा सोडलेलं, कुणी ‘भाई’च्या गाडीमागे हिंडणारं. दोघांची वही वेगळी ठेवत नाही. रांगेत उभं केल्यावर कोण कुठून आलं ते ओळखू येत नाही, आणि ते तसंच बरं.

मग धाव. अग्निवीर भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले तर साठपैकी साठ गुण. आमच्या मैदानाची फेरी दोनशे मीटरची, म्हणजे आठ फेऱ्या, फेरीला एक्केचाळीस सेकंद. नवं पोरगं पहिली फेरी चौतीस सेकंदांत मारतं, मागे वळून बाकीच्यांकडे बघतं, आणि पाचव्या फेरीला कमरेवर हात ठेवून चालायला लागतं. ओरडून उपयोग नसतो. मी त्याच्या हातात स्टॉपवॉच देतो आणि दुसऱ्याच्या फेऱ्या मोजायला सांगतो. जो पोरगा एक्केचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस असा घड्याळासारखा पळतो तो शेवटच्या फेरीत सगळ्यांना मागे टाकतो, हे स्वतः मोजल्याशिवाय पटत नाही. रागीट पोरांना ही गोष्ट सगळ्यात उशिरा पटते, पण एकदा पटली की तीच पोरं उत्तम पळतात.

७.००
बीम. दहा पुलअपला चाळीस गुण. हात पूर्ण सरळ सोडायचे, हनुवटी पाइपच्या वर, झोका घ्यायचा नाही. झोका घेऊन मारलेला मी मोजत नाही, आणि त्यावरून रोज भांडण होतं. होऊ दे. निदान हे भांडण नियमावरून आहे.

८.३०
घरी. म्हैस, भाकरी, आल्याच्या वावरात एक चक्कर.

११.००
आज पोलीस ठाण्यात जावं लागलं. गेल्या आठवड्यापर्यंत सरळ येणाऱ्या एका पोराने मित्रांच्या नादाने तलवारीने केक कापला, कुणीतरी त्याचं रील टाकलं, आणि हत्यार कायद्याच्या कलम ४, २५ खाली गुन्हा दाखल झाला. वाढदिवस अठरावा होता, म्हणून जास्त चुटपुट लागते. अठराच्या आतल्या मुलाला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांभाळून घेतं: तो दोषी ठरला तरी तेवढ्यावरून त्याला पुढे अपात्र ठरवता येत नाही. अपवाद फक्त सोळाच्या वरच्या अशा मुलांचा, ज्यांच्यावर घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालतो. अठरा पूर्ण झाले की हे छत्र गेलं. आणि भरतीत धावून, परीक्षा देऊन झाल्यावर चारित्र्य पडताळणी असतेच.

पोरगा बाकावर खाली मान घालून बसला होता. ‘‘मेजर, आता ग्राउंडवर येऊ नको म्हणाल ना?’’
‘‘सव्वापाचला यायचं. केस वकील बघतील.’’
आईला म्हटलं, ‘‘वहिनी, रडू नका, आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलाचा अर्ज करू.’’ अर्ज तिथेच लिहिला.

दुपारी ३.००
ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत गणित. २०२३ पासून भरतीत ऑनलाइन परीक्षा आधी आणि मैदान नंतर, त्यामुळे नुसत्या छातीवर आता काही मिळत नाही. सिग्नलमधून निवृत्त झालेले आमचे एक नाईक शेकडेवारी शिकवतात; मी मागे बसून गप्पा मारणाऱ्यांवर लक्ष ठेवतो. सुरुवातीलाच पोरांना स्पष्ट सांगतो: अग्निवीर चार वर्षांचा, त्यातले कायम होणार जास्तीत जास्त पंचवीस टक्के. म्हणून आयटीआयचा फॉर्म भरल्याशिवाय भरतीचा भरायचा नाही. काही अकॅडमीवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांची फी वर्दीच्या फोटोवर चालते.

संध्याकाळी ६.३०
पारावर. पोरांना एकच ऐकायचं असतं: ‘‘मेजर, किती जणांना उडवलं?’’ मी त्यांना उंचावरच्या ठाण्यात मोजे कसे वाळवायचे ते सांगतो, कारण ओला मोजा तसाच राहिला तर बोटं जातात. पोरं हिरमुसतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, तिथं झोप लागायची का? तिथून खऱ्या गप्पा सुरू होतात. एकाला घरी झोप लागत नाही, त्याची कारणं माझ्या शिट्टीच्या पलीकडची आहेत. त्याला टेली-मानसचा १४४१६ नंबर दिला आणि समोर बसून फोन लावायला लावला. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ भिंतीवरच लिहिला आहे. आपण फौजी आहोत, डॉक्टर नाही, हे फौज्याने स्वतःला रोज बजावावं.

९.००
वहीत आजचे गैरहजर लिहिले आणि त्यांच्या घरी फोन केले. पोरगं आलं नाही याची दखल रात्रीच्या आत कुणीतरी घेतली, एवढ्यानेही बरीच पोरं दुसऱ्या दिवशी उगवतात.

जवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाचं नाव आम्ही अभिमानाने सांगतो. पण आज आपल्या तालुक्यात पेन्शनवर आलेले किती जण सकाळी नुसते फिरायला जातात, तेही बघा. फिरायला जाताच आहात, तर शिट्टी घेऊन शाळेच्या मैदानाकडून जा. वही मी देतो.