औरंगाबाद दोन आहेत

अटीनुसार बदल म्हणजे तक्त्यातल्या एखाद्या रकान्यात, ठरावीक अट पाळणाऱ्या ओळींचीच नोंद कोडने बदलणे. विश्रांतवाडीतल्या सोसायटीत मेंटेनन्स थकलेल्यांच्याच टपालपेटीत नोटीस टाकावी, तसे. पुष्कळांना हे ‘शोधा आणि बदला’च वाटते. दिसायला सारखेच, पण तिथे फक्त शब्द जुळवला जातो. उदाहरणार्थ, 2023 साली महाराष्ट्रातला औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला. ग्राहकांच्या यादीत तो शब्द सरसकट बदलला, तर बिहारमधल्या औरंगाबाद जिल्ह्याचेही नामांतर होते! म्हणून एसक्यूएलमध्ये (तक्त्यांना आज्ञा देण्याची भाषा) ‘अपडेट’ला ‘व्हेअर’ (अटीचे कलम) जोडतात: जिल्हा औरंगाबाद आणि राज्य महाराष्ट्र. कलमच विसरले, तर विश्रांतवाडीचा ग्राहकही संभाजीनगरात पोहोचतो. आधी त्याच अटीने ‘सिलेक्ट’ चालवून कोणत्या ओळी सापडतात ते पाहावे.