कुरळ्या केसांचा कुत्रा : अंघोळ आणि निगा घरच्या घरी

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. नामदेवांच्या पुढ्यातली भाकरी कुत्र्याने पळविली आणि 'कोरडी खाऊ नकोस' म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा मराठी मुलांच्या कानी लहानपणीच पडते. चमत्कार आणि भक्तिभाव बाजूला ठेवला तरी त्यात एक साधी गोष्ट उरते. मुक्या जिवाला आपली अडचण सांगता येत नाही, ती माणसानेच ओळखावी लागते. कुरळ्या केसांच्या कुत्र्याला हे अधिकच लागू आहे, कारण त्याचे दुखणे केसांखाली दडलेले असते.

आता तालुक्याच्या गावीच नव्हे, तर खेड्यातही पूडल, कॉकर स्पॅनियल, ल्हासा अॅप्सो अशा दाट, लांब किंवा कुरळ्या केसांची पिल्ले येऊ लागली आहेत. पिल्लू गोजिरवाणे दिसते म्हणून मुले हट्ट धरतात, वडील ते आणून देतात. सहा-आठ महिन्यांनी तेच कुत्रे अंगावर घोंगडे टाकावे तसे गुंते घेऊन दाराशी बांधलेले दिसते. ते खाजवते, चावे घेते, अंगाला हात लावू देत नाही. मग 'कुत्रे बिघडले' असे आपण म्हणतो. पण बिघडलेले असतात ते त्याचे केस!

हे केस निराळे का?

आपल्या गावठी कुत्र्याचे आखूड केस ठराविक वाढतात आणि गळून पडतात. पूडलचे केस मात्र वाढतच राहतात, आणि गळालेला केस खाली न पडता कुरळ्यात अडकून बसतो. कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या फेरफारांतून घडतात, असे 2009 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यातले एक जनुक कुरळेपणाचे आहे. म्हणजे गुंता होणे हा कुत्र्याचा दोष नाही, तो त्याचा स्वभावधर्म आहे. गुंता मुळाशी घट्ट झाला की कातडी ओढली जाते, आत हवा पोहोचत नाही, ओल साचते आणि जखमा होतात.

आधी विंचरणे, मग पाणी

सर्वात महत्त्वाचा नियम हाच. गुंता भिजला की आणखी आवळतो. म्हणून अंघोळीआधी पूर्ण अंग विंचरावे. बारीक तारांचा ब्रश आणि लोखंडी कंगवा एवढी दोन साधने पुरतात. वरवर ब्रश फिरवून उपयोग नाही. हाताने केसांचा भांग पाडून कातडी दिसू द्यावी आणि एकेक ओळ टोकाकडून मुळाकडे सोडवीत यावे. कानामागे, काखेत, जांघेत आणि गळपट्ट्याखाली गुंता हमखास सापडतो. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात बोटांच्या मध्ये गोळा होऊन वाळते, सुगीनंतर कुसळे आणि गोखरू केसांत शिरतात. कुसळ कातडीत घुसले तर पू होतो. म्हणून शेतातून आल्यावर पंजे तपासावेत. हे काम एक दिवसाआड करावे, अंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे.

पाणी आणि साबण

पाणी कोमट असावे. कानात सैल कापूस ठेवावा आणि तोंडावर पाणी ओतू नये, ओल्या फडक्याने पुसावे. आपला अंगाचा किंवा कपड्याचा साबण वापरू नये. माणसाच्या त्वचेपेक्षा कुत्र्याच्या त्वचेची आम्लता कमी असते, त्यामुळे आपल्या साबणाने ती कोरडी पडून खाज सुटते. कुत्र्यासाठीचा शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून वापरावा म्हणजे तो केसांच्या मुळाशी पोहोचतो. केस चोळून गोल फिरवू नयेत, वरून खाली दाबत न्यावेत. बोअरचे पाणी जड असेल तर साबण लवकर निघत नाही, तेव्हा धुणे दुप्पट करावे. नळाखाली धरण्यापेक्षा बादली आणि मग घेतला तर पाणी बेताने लागते.

पाण्याचा विषय निघाला की आपल्याला महाड आठवतेच. चवदार तळ्यावर कुत्र्यामांजरांना अडविणारे कोणी नव्हते, माणसाला मात्र बंदी होती, आणि ती 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी मोडली. पण म्हणून त्यांच्या मनात जनावराविषयी कटुता नव्हती. फेब्रुवारी 1934 मध्ये राजगृहावर काढलेल्या कौटुंबिक छायाचित्रात माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत त्यांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे.

वाळविणे, कातरणे आणि गोचीड

जुन्या टॉवेलने केस दाबून पाणी टिपावे, खसाखसा पुसू नये. त्यानंतर वाळत असतानाच पुन्हा विंचरावे. मुळाशी ओल राहिली तर वास येतो आणि बुरशी धरते. कापूस काढून कान आतून कोरडे करावेत, लोंबत्या कानांना हे फार जरुरीचे.

घट्ट गुंता कात्रीने कापताना कातडीच कापली जाते. म्हणून आधी कातडी आणि गुंता यांच्यामध्ये कंगवा घालावा आणि कात्री कंगव्याच्या वरूनच चालवावी. तेही जमत नसेल तर डॉक्टरकडून मशीनने उतरवून घ्यावा. उन्हाळा आला म्हणून मुळापासून भादरू नये, उघड्या कातडीला ऊन भाजते. बोटाएवढे केस ठेवावेत. नखांची फक्त टोके काढावीत, आत रक्तवाहिनी असते.

गोचीड दिसली तर रॉकेल लावू नये. गुराढोरांचे गोचिडीचे औषधही अंदाजाने लावू नये, त्याने विषबाधा होऊ शकते. मात्रा पशुवैद्यकाने सांगावी. आजार अवघड असेल तर परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावीच. निगा राखताना कुत्रे चावले, तर जखम पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेवटी एकच सांगणे. कुत्रे आणतात वडील, खेळतात मुले आणि विंचरण्याचे काम मात्र पडते घरच्या बाईवर, हे बरे नव्हे. वार वाटून घ्यावेत. मुलगा असो वा मुलगी, कंगवा दोघांच्याही हाती द्यावा. ज्या घरात एवढी सवड नाही त्यांनी गावठी पिल्लू पाळावे. तेही तितकेच जीव लावते. कुरळ्या केसांचे आणलेच असेल, तर दिवसाआड अर्धा तास त्याचा, असे आजच ठरवा.