गुदगत रक्तस्राव : अर्श की अर्बुद?

गुदमार्गाने रक्त पडते, ही तक्रार घेऊन येणारा रुग्ण वैद्यास नवा नाही. बहुधा तो 'मूळव्याध झाली आहे' असे स्वतःच ठरवून येतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. तथापि गुदाशय व बृहदंत्र यांच्या कर्करोगाचेही आरंभीचे लक्षण अनेकदा हेच असते. म्हणूनच या रोगाच्या शस्त्रकर्माविषयीचे संशोधन आपल्या व्यवसायापासून दूरचे नाही. रुग्ण शल्यचिकित्सकाकडे कोणत्या अवस्थेत पोहोचतो, हे बऱ्याच अंशी त्याला प्रथम पाहणाऱ्यावर अवलंबून असते.

गुदाशयाच्या कर्करोगाचे आधुनिक शस्त्रकर्म इ. स. १९०८ मध्ये इंग्लंडमधील अर्नेस्ट माइल्स यांनी सांगितलेल्या पद्धतीपासून सुरू झाले. तीत गुदासह संपूर्ण भाग काढून पोटावर कायमचा मलमार्ग करावा लागे. असे करूनही अनेक रुग्णांत त्याच जागी रोग पुन्हा उद्भवत असे. बेसिंगस्टोक येथील शल्यचिकित्सक बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये याच्या कारणाकडे लक्ष वेधले. गुदाशयाभोवती मेसोरेक्टम नावाचे मेदयुक्त आवरण असते. त्यातील रोगाचे सूक्ष्म अंश मागे राहिल्याने पुनरुद्भव होतो. हे आवरण अखंड ठेवून, डोळ्यांनी पाहत, धारदार शस्त्राने संपूर्ण काढावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या पद्धतीचे महत्त्व स्टॉकहोम येथे सिद्ध झाले. १९९४ पासून तेथील शल्यचिकित्सकांना प्रशिक्षण वर्गांतून ती शिकविण्यात आली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्थानिक पुनरुद्भव १४-१५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला, आणि गुद काढून टाकण्याची शस्त्रकर्मे निम्म्याहून अधिक घटली. येथे नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. हात सुशिक्षित झाला, एवढाच फरक होता. पुढे २००१ मधील नेदरलँड्सच्या चाचणीत या शस्त्रकर्मापूर्वी अल्पमुदतीची किरणचिकित्सा दिली असता दोन वर्षांतील स्थानिक पुनरुद्भव ८.२ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आल्याचे आढळले.

परिणाम मोजून पाहण्याची ही रीत आयुर्वेदास परकी नाही. भगंदरावरील क्षारसूत्राची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने शस्त्रकर्माशी तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या बहुकेंद्री चाचणीत क्षारसूत्राने व्रण भरण्यास अधिक काळ लागला, परंतु पुनरुद्भव शस्त्रकर्मानंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्के आढळला. ज्या पद्धतीने आपल्या चिकित्सेला मान्यता मिळवून दिली, त्याच पद्धतीने मिळालेले कर्करोगाविषयीचे निष्कर्ष आपण स्वीकारलेच पाहिजेत.

त्या निष्कर्षांचे सार असे की काळ हाच निर्णायक घटक आहे. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग आतड्यापुरता मर्यादित असताना निदान झाले तर सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. रोग दूरच्या अवयवांत पसरल्यावर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. 'वय लहान आहे, म्हणजे मूळव्याधच' हा समजही आपल्याकडे धोक्याचा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८०० रुग्णांच्या आढाव्यात सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते.

सुश्रुताचार्यांनी गुदाच्या प्रवाहिणी, विसर्जनी व संवरणी या तीन वली सांगितल्या आणि परीक्षणासाठी अर्शोयंत्राचे वर्णन केले. पाहिल्याविना अर्शाचे निदान करू नये, हा त्याचा सरळ अर्थ आहे. गुदाशयातील अनेक अर्बुदे बोटाच्या टप्प्यात येतात. कठीण, खडबडीत, सहज रक्त येणारी गाठ एकदा बोटाला लागली की विसरता येत नाही. मात्र बोटाला काही लागले नाही म्हणून रोग नाही, असेही समजू नये. तसेच अर्श दिसले म्हणून शोध थांबवू नये. एकाच रुग्णात दोन्ही व्याधी असू शकतात. मलप्रवृत्तीच्या सवयीत बदल, मलाबरोबर आव व रक्त, पोट साफ न झाल्याची सततची भावना, अकारण पांडुता, वजन घटणे किंवा कुटुंबात या रोगाचा इतिहास, यांपैकी काही असल्यास दुर्बिणीद्वारे आतड्याची तपासणी करवून घ्यावी.

औषधालयचालकांचे उत्तरदायित्वही कमी नाही. अर्शोघ्नी वटी, कांकायन वटी किंवा बोलबद्ध रस महिनोन्‌महिने नेणाऱ्या ग्राहकास 'वैद्यांनी तपासले आहे का?' एवढे विचारणे आवश्यक आहे. औषधाने रक्त थांबले तरी रोग थांबला असे होत नाही. मंडूर व लोहकल्पांनी मल काळा होतो, हेही रक्तस्रावाचा विचार करताना ध्यानी घ्यावे.

शस्त्रकर्मानंतरही रुग्ण आपल्याकडे येतात. लहान आतड्याचे तोंड पोटावर काढलेल्या रुग्णास शरीरातील जल व क्षार झपाट्याने कमी होण्याचा धोका असतो. त्यास सारक वा विरेचक कल्प देऊ नयेत. केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णास कोणतेही औषध देण्यापूर्वी त्याच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलावे, आणि 'आता ती बंद करा' असा सल्ला कदापि देऊ नये. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार शस्त्रकर्मानंतरची केमोथेरपी सुरू होण्यास लागणाऱ्या प्रत्येक चार आठवड्यांच्या विलंबासोबत मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आढळला.

पथ्य, अग्निरक्षण, बल व मनोधैर्य यांसाठी वैद्याचे साहाय्य रुग्णास निश्चितच हवे असते. ते देण्याचा अधिकार मात्र वेळेवर केलेल्या परीक्षणातूनच प्राप्त होतो. रक्तस्रावाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर 'गुदपरीक्षण केले' ही नोंद तारखेसह असावी आणि आढळलेल्या गोष्टी तिच्यापुढे लिहाव्यात. या नोंदीस काही क्षण लागतात, आणि तिच्यावाचून गेलेले महिने परत आणता येत नाहीत.