नवे भिंग बसवल्यावर चष्मा सुटेल का?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की बहुतेक रुग्ण विचारतात, ‘डॉक्टर, चष्मा सुटेल ना?’ याचे उत्तर कोणते भिंग बसवणार यावर अवलंबून असते.

आपल्या डोळ्यातले नैसर्गिक भिंग लवचीक असते. जवळचे पाहताना भोवतीचा स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग फुगते. दूर पाहताना ते चपटे होते. वयाबरोबर भिंग कडक होत जाते. ४० सेंटिमीटरवर धरलेले वर्तमानपत्र वाचायला अडीच डायॉप्टरची ताकद लागते. तेवढी सहज मिळेनाशी झाली की ‘चाळिशी’ लागते.

मोतीबिंदूत हेच भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी केली. आजही बहुतेकांना एकाच अंतरासाठीचे भिंग बसवतात. त्याने दूरचे स्वच्छ दिसते, वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकल भिंग प्रकाश जवळच्या आणि दूरच्या नजरेत वाटून देते. चष्म्याची गरज घटते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात.

तिसरा प्रकार नैसर्गिक भिंगासारखे काम करू पाहणाऱ्या भिंगांचा. स्नायूच्या हालचालीबरोबर किंचित पुढे-मागे सरकणाऱ्या अशा एका भिंगाला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र त्यातून मिळणारी ताकद बहुधा एका डायॉप्टरच्या आतबाहेरच राहते. संगणकाचा पडदा दिसेल, पण औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे चष्म्याविना वाचता येतीलच असे नाही. भिंग ज्या पातळ पिशवीत बसते, ती शस्त्रक्रियेनंतर आक्रसते आणि हालचाल मंदावते. आत द्रव असलेल्या, आकार बदलणाऱ्या भिंगांवरही संशोधन सुरू आहे.

म्हणून ‘नवे भिंग येईपर्यंत थांबू’ असे करू नका. मोतीबिंदू फार पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. महागड्या भिंगासाठी कर्जही काढू नका. सरकारी रुग्णालयात भिंगासह शस्त्रक्रिया मोफत होते आणि दृष्टिपटल निरोगी असेल तर दूरची नजर उत्तम येते. मधुमेह असेल किंवा रात्री वाहन चालवत असाल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. वाचायला चष्मा लागला, तर शस्त्रक्रिया फसली असे समजू नका.