गाडी धूर मारते? इंजिन खोलण्याआधी ऑईल जातंय कुठं ते बघा

बेळगाव, प्रतिनिधी : चोर्ला किंवा आंबोलीचा घाट चढून गाडी थांबवली की बॉनेटमधून करपट वास येतो. कधी मागून आलेला दुचाकीवाला काचेपाशी येऊन सांगतो, 'साहेब, गाडी धूर मारतेय.' गॅरेजला नेली की पाच मिनिटांत निकाल लागतो, 'इंजिनाला काम आलंय.' जुन्या गाडीला इंजिन काम म्हणजे कधी कधी गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा खर्च. पण ऑईल जळण्याचं प्रत्येक कारण इतकं महाग नसतं. काही कारणं नुसतं झाकण नीट बसवून किंवा एक पॅकिंग बदलून मिटतात. म्हणून 'खोलूया' म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : ऑईल इंजिनाच्या बाहेर जळतंय की आत?

बाहेर जळत असेल तर

वास बॉनेटकडून येतो, गाडी सिग्नलला उभी राहिली की वाढतो आणि सायलेन्सरच्या धुराला मात्र रंग नसतो. अशा वेळी ऑईल बहुधा गळून तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असतं. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग. उष्णतेनं रबर कडक होतं, कडेनं ऑईल झिरपतं. इंजिन थंड असताना टॉर्च मारून बघितलं तर त्या कडेला ओलसर, धूळ धरलेला काळा पट्टा दिसतो.

नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. ऑईल भरायचं झाकण घट्ट आहे का, आणि फिल्टर बदलताना ऑईल सांडलंय का. सांडलेलं ऑईल थोडं चालवल्यावर जळून जातं आणि वास थांबतो. थांबला नाही तर गळती आहे असं समजावं.

प्रत्येक करपट वास ऑईलचा नसतो. घाट उतरल्यावर चाकाजवळ येणारा वास तापलेल्या ब्रेकचा, चढावर अर्धा क्लच धरून ठेवला की येणारा वास क्लच प्लेटचा. गोडसर वास कूलंटचा. प्लॅस्टिकचा वास आला तर रस्त्यावरची पिशवी सायलेन्सरला चिकटली आहे का बघा. ती नसेल तर वायरिंगचा संशय घ्या आणि गाडी पुढं नेऊ नका.

आत जळत असेल तर

मग सायलेन्सर बोलतो. निळसर धूर म्हणजे ऑईल. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. तिथं आधी एअर फिल्टर बघायचा. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ येऊन थोड्या वेळात थांबली तर ती नुसती पाण्याची वाफ. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि कूलंटची पातळी कमी, असं असेल तर हेड गॅस्केटची तपासणी हवी.

निळा धूर कधी येतो, यावरून पुढचं बरंच कळतं.

• रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना एकच भपका येतो आणि मग धूर बंद होतो : व्हॉल्व्हचे ऑईल सील. रात्रभरात ऑईल थेंबथेंब खाली उतरलेलं असतं.

• वंटमुरी किंवा तवंदी घाटात ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर उतरलात आणि खाली पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धूर आला : पेट्रोल गाडीत हीसुद्धा बहुधा व्हॉल्व्ह सीलचीच खूण. उतारावर इंजिनाच्या आत ओढ तयार होते आणि सैल सीलमधून ऑईल खेचलं जातं.

• चढावर, भार असताना सतत धूर येतो आणि गाडीची ओढही कमी झालीय : रिंगा किंवा बोर झिजल्याची शक्यता.

• टर्बो असलेल्या गाडीत इंटरकूलरच्या पाईपमध्ये भरपूर ऑईल सापडतं : टर्बो तपासावा.

इथंही स्वस्त कारण आधी. ऑईल 'मॅक्स' खुणेच्या वर भरलंय का? ब्रीदर म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलाय का? तो तुंबला की इंजिनाच्या आतला दाब वाढतो, आणि तोच दाब ऑईलला नको त्या वाटेनं बाहेर काढतो. इंजिन चालू असताना ऑईलच्या झाकणातून भकाभका धूर आला की मेस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन मारतेय' म्हणतात. ते रिंगांमुळं असू शकतं, तसंच तुंबलेल्या ब्रीदरमुळंही. ब्रीदर साफ न करता रिंगांवर ठपका ठेवू देऊ नका.

ऑईलचं खातं लिहा

दुकानाचा हिशेब ठेवतो तसा ऑईलचाही ठेवावा. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसून पुन्हा घालायची आणि पातळी, तारीख, किलोमीटर लिहायचं. दर आठवड्याला एकदा पुरे. थोडं ऑईल प्रत्येक इंजिन खातं. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा वापर मर्यादेत धरलेला आहे. तुमच्या गाडीची मर्यादा तिच्या पुस्तिकेत बघा. आकडा महिन्यागणिक वाढतोय का, हे जास्त महत्त्वाचं. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय, गाडी सुरूच करू नका.

हे खातं घेऊन गॅरेजला गेलात तर बोलणं अंदाजावर होत नाही. पेट्रोल गाडी असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट मागा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. स्पार्क प्लगही काढून बघायला सांगा. चारपैकी एकच ऑईलनं ओला असेल तर दोष कुठल्या सिलिंडरचा ते लगेच कळतं. पीयूसी पास झाली म्हणून इंजिन निरोगी, असं मात्र समजू नका. ती प्रदूषणाची तपासणी आहे, ऑईल कुठं जातंय ते ती सांगत नाही.

जुनी गाडी सीमेपलीकडून घेताना

आपल्या भागात कोल्हापूरची एमएच-०९ गाडी बेळगावात येते, बेळगावची केए-२२ गोव्यात जाते. दुसऱ्या राज्यातली गाडी कायमची आणायची तर आरटीओची एनओसी, बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी आणि इथला रोड टॅक्स हे सगळं आलं. एवढं झाल्यावर गाडी धूर मारायला लागली तर परत कोण घेणार?

म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर सकाळचा धूर आधीच काढून टाकलेला असू शकतो, दुसऱ्या दिवशी या. सुरू करताना एकानं मागं उभं राहावं. पाच मिनिटं तशीच चालू ठेवून मग ॲक्सिलरेटर द्या. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा (थंड असतानाच). कोरडी काजळी चालते, चिकट तेलकट काजळी चालत नाही. ऑईल अगदी कालच बदललेलं असेल तर ते कुठल्या ग्रेडचं, हेही विचारा. धूर लपवायला जास्त घट्ट ऑईल घालायची युक्ती जुनीच आहे.

इथं मात्र थांबायचंच

डॅशबोर्डवरचा लाल ऑईलचा दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो चालताना पेटला की बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. 'पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ' म्हणत काढलेले दोन किलोमीटर अख्खं इंजिन जाम करू शकतात. बॉनेटमधून ज्वाळा दिसल्या तर बॉनेट उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि ११२ ला फोन करा.

बाकी वेळी घाई नको. आधी डिपस्टिक, मग झाकण आणि ब्रीदर, मग पॅकिंग, मग कॉम्प्रेशन टेस्ट आणि सगळ्यात शेवटी इंजिन खोलायचं. मेस्त्रीनं उलट्या टोकानं सुरुवात केली तर कारण विचारा. चांगला मेस्त्री ते दाखवून देतो.